गाणारा मुलूख : नांदेड-लातूर परिसरातील गायक, वादक आणि बँडपथके

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ५० किलोमीटर अंतरावर नायगाव हे तालुक्याचे गाव आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि हळद यांचा हा टापू. संगीताच्या इतिहासात नायगावचे नाव सहसा आढळत नाही. तरीही नकाशा समोर ठेवला म्हणजे या गावाच्या चारही दिशांना गाण्याची जुनी ठाणी दिसू लागतात. उमरी तालुक्यातील गोरटे हे दासगणू महाराजांचे स्थान येथून जवळ. दक्षिणेला देगलूर, पश्चिमेला कंधारचा दर्गा आणि लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. वायव्येला नांदेडचा सचखंड गुरुद्वारा. उत्तरेला किनवट-माहूरची डोंगरी पट्टी आणि नैर्ऋत्येला अहमदपूर, लातूर व औसा. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी उर्दू, पंजाबी, गोरबोली आणि गोंडी एवढ्या भाषांतील गाणे एवढ्याशा प्रदेशात ऐकू येते.

या मुलखाने महाराष्ट्राला कोणते गायक-वादक दिले, या प्रश्नाचे उत्तर देताना बहुधा दोन-चार नावे घेतली जातात आणि यादी संपते. त्या नावांमागे उभे असलेले शेकडो टाळकरी, मृदंगवादक, हलगीवाले, वाघ्ये, गोंधळी आणि बँडवाले यादीत येत नाहीत. प्रस्तुत लेखात दोन्ही प्रकारच्या कलावंतांची ओळख करून दिली आहे.

निजामी राजवट आणि गाण्याची वाट

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आजचा लातूर जिल्हा पूर्वी उस्मानाबादचा भाग होता. तो १९८२ मध्ये स्वतंत्र झाला. संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा होती. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सार्वजनिक सभांवर कडक निर्बंध आले. अशा परिस्थितीत मराठी माणसांना एकत्र येण्याची जी थोडी निमित्ते उरली, त्यांत कीर्तन, भजन, सप्ताह, जत्रा आणि गणेशोत्सवातील मेळे ही प्रमुख होती. पुण्या-मुंबईत त्याच काळात संगीत नाटक कंपन्या, गायन समाज आणि ध्वनिमुद्रिका यांचा बहर होता. येथे तसे काही फारसे पोहोचले नाही. गाणे टिकले ते देवळाच्या ओसरीवर आणि जत्रेच्या पटांगणात. या भागातील गायकांचा उंच, खुला, लांबवर पोहोचणारा आवाज आणि लयीवरची पकड यांचा संबंध या मोकळ्या जागांशी जोडता येतो.

गोरट्याचे दासगणू, देगलूरचे धुंडा महाराज

दासगणू महाराज (१८६८-१९६२) यांचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म अहमदनगर जिल्ह्यातील अकोळनेरचा. तरुणपणी ते पोलीस खात्यात नोकरीला होते आणि त्यांना तमाशाचा नाद होता. लावण्या रचण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासात त्यांचे आयुष्य बदलले. नोकरी सोडल्यावर ते नांदेड भागात स्थिरावले आणि गोरटे हे त्यांच्या संप्रदायाचे केंद्र झाले. लावणीकाराची शब्दांवरची हुकमत आणि लोकांना खिळवून ठेवण्याची हातोटी त्यांनी कीर्तनात आणली. साईबाबांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचविण्यात त्यांच्या कीर्तनांचा मोठा वाटा आहे. ‘श्री साईनाथ स्तवनमंजरी’ आणि ‘श्री गजानन विजय’ या त्यांच्या रचना आजही घरोघर वाचल्या जातात. नांदेडचे पारशी व्यापारी रतनजी वाडिया त्यांच्याच सांगण्यावरून शिर्डीस गेल्याची कथा साईचरित्रात आहे. कीर्तनकाराचा श्रोता एका धर्माचा वा जातीचा नसे, याची साक्ष या कथेतून मिळते. दासगणूंची परंपरा पुढे अनंतराव आठवले, म्हणजेच संन्यासानंतरचे स्वामी वरदानंद भारती यांनी चालविली.

देगलूरचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले ते धुंडा महाराज देगलूरकरांमुळे. ज्ञानेश्वरीवरील त्यांच्या निरूपणाने वारकरी संप्रदायात दीर्घकाळ आदराचे स्थान मिळविले. निरूपण हे गाणे नव्हे, हे खरे. परंतु वारकरी कीर्तनात निरूपण आणि गायन यांची फारकत करता येत नाही. कीर्तनकार अभंगाचे चरण उलगडतो, मागे उभे असलेले गायक चाल उचलतात आणि मृदंग त्यांना पुढे नेतो.

सप्ताह : खेड्यातील संगीतशाळा

नायगाव, बिलोली, मुखेड, कंधार या तालुक्यांतील बहुतेक गावांत वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर असा त्याचा क्रम असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. विणेकरी बदलत राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक वेळेचा ‘पहारा’ येतो.

ज्या मुलास शिकवणीचे पैसे परवडत नाहीत त्याची संगीतशाळा हीच. आठ-दहा वर्षांचा मुलगा टाळ घेऊन रांगेच्या शेवटी उभा राहतो. दोन-तीन सप्ताहांत त्याला ठेका समजतो. आवाज चांगला असेल तर त्याला एखादा अभंग म्हणायला पुढे बोलावतात. हात चांगला असेल तर मृदंगावर बसवितात. काही मुले पुढे आळंदीला वारकरी शिक्षणासाठी जातात आणि गायनाचार्य किंवा मृदंगाचार्य म्हणून परततात. भूप, भैरवी, मालकंस, यमन हे राग या मुलांच्या कानांवर प्रथम अभंगाच्या चालींतून पडतात. रागाचे नाव त्यांना नंतर कळते.

औशाचे चक्रीभजन आणि कपिलधारची वाट

लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थान हे भजनाच्या एका वेगळ्या प्रकाराचे घर आहे. वीरनाथ महाराज आणि मल्लनाथ महाराज यांच्या नावांशी जोडलेल्या या परंपरेत चक्रीभजन गायिले जाते. भजनकरी उभे राहून, हाती चिपळ्या घेऊन, विशिष्ट पद्धतीने पावले टाकीत आणि फेर धरीत गातात. गाणे, लय आणि देहाची हालचाल यांचा असा मेळ येथे असतो की यातील एक वगळून दुसरे शिकविता येत नाही. औसेकर महाराजांचे चक्रीभजन पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातही होते.

लातूर-नांदेडमधील वीरशैव लिंगायत समाजाची भजनपरंपरा मन्मथस्वामींच्या अभंगांभोवती उभी आहे. ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी अहमदपूर, लातूर, नांदेड भागातून दिंड्या पायी निघतात. वाटेतील मुक्कामांवर रात्री शिवकीर्तन आणि भजन होते. दिंडीच्या वाटेवर जुन्या चाली ज्येष्ठांकडून तरुणांकडे येतात.

सचखंडातील कीर्तन आणि दर्ग्यातील कव्वाली

शिखांचे दहावे गुरू गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निधन झाले. तेथे उभा असलेला तख्त सचखंड श्री हजूर साहिब हा गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. येथे गुरू ग्रंथ साहिबाबरोबर दशम ग्रंथाचेही पठण होते, हे या तख्ताचे वैशिष्ट्य. गुरू ग्रंथ साहिबातील वाणीची रचना रागांनुसार केलेली असल्याने रागींना रागज्ञान आवश्यक असते. पहाटेपासून हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीने शबद कीर्तन चालते. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यास देशविदेशांतून भाविक आले आणि नांदेडच्या या संगीताची ओळख दूरवर झाली. नांदेडचे दखनी शीख कुटुंबांत पंजाबी बोलतात, बाजारात मराठी आणि दखनी बोलतात. त्यांच्यातील रागींना वारकरी भजनाच्या चाली परक्या वाटत नाहीत. गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची पदे आहेत, हा या दोन परंपरांना जोडणारा जुना धागा आहे.

कंधार येथील हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा हे असेच दुसरे केंद्र. उरुसाच्या काळात येथे कव्वालीचे फड रंगतात. ढोलक, हार्मोनियम आणि टाळ्यांच्या ठेक्यावर दखनी उर्दूतील रचना गायिल्या जातात. मराठी भक्तिगीतांतील अनेक लोकप्रिय चालींवर कव्वालीची छाया दिसते, ती अशा सहवासामुळेच.

माळेगाव : जत्रा हेच रंगपीठ

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी व देवणी जातीची जनावरे यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. लोककलावंतांच्या दृष्टीने ही यात्रा म्हणजे वर्षातील सर्वांत मोठे व्यासपीठ. वाघ्या-मुरळी येथे जागरण घालतात. वाघ्याच्या हाती दिमडी आणि तुणतुणे, मुरळीच्या हाती घाटी असते. तमाशाच्या राहुट्या लागतात. नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने लोककला महोत्सव आणि लावणी महोत्सव होतात. राज्याच्या अनेक भागांतील फड येथे येतात आणि स्थानिक कलावंतांना त्यांच्या शेजारी उभे राहून आपली कला जोखता येते.

माहूर हे रेणुकामातेचे स्थान. त्यामुळे गोंधळ्यांची परंपरा या भागात खोलवर रुजली आहे. संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी हे गोंधळाचे साहित्य. लग्नानंतरचा गोंधळ हा रात्रभर चालणारा कार्यक्रम असे. गण, देवीचे आवाहन, मग आख्यान आणि शेवटी आरती हा त्याचा क्रम. संबळाच्या दोन तोंडांतून निघणारा नाद एवढा पल्लेदार असतो की शेजारच्या वस्तीवरही गोंधळाची वर्दी पोहोचते.

किनवट, माहूर, मुखेड, अहमदपूर, जळकोट येथील बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी गायिली जाते. नगारा आणि थाळीच्या तालावर स्त्री-पुरुष फेर धरतात. लेंगीतील प्रश्नोत्तरे, टोमणे आणि थट्टा यांतून तांड्याच्या वर्षभराचा हिशेब होतो. किनवटच्या आदिवासी पट्ट्यात गोंड व कोलाम समाजांत दिवाळीच्या सुमारास दंडार आणि ढेमसा यांचा काळ असतो. प्रधान समाजातील गायक किंगरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गातात. तंतुवाद्य हाती घेऊन सांगितलेला हा इतिहास पिढ्यान्पिढ्या केवळ तोंडी राहिला आहे.

पं. नाथराव नेरळकर

या प्रदेशातून अभिजात संगीतात सर्वाधिक मान्यता मिळाली ती पंडित नाथराव नेरळकर (१९३५-२०२१) यांना. नांदेड ही त्यांची जन्मभूमी. किशोरवयात त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. अण्णासाहेब गुंजकर हे त्यांचे गुरू. संगीताचे शिक्षण घेण्यासाठी दूरच्या शहरी जावे लागते, ही मराठवाड्यातील विद्यार्थ्याची अडचण त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती. म्हणून मैफलींतील यशावर समाधान न मानता त्यांनी नांदेडला अनंत संगीत महाविद्यालय सुरू केले. पुढे औरंगाबादला (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) संगीताचे प्राध्यापक म्हणूनही त्यांनी अनेक विद्यार्थी घडविले. त्यांच्या कन्या हेमा नेरळकर-उपासनी यांनी गायनाचा वारसा पुढे नेला. २०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार नेरळकरांना मिळाला. २८ मार्च २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

लातूरच्या मंगेश बोरगावकर यांनी वेगळी वाट धरली. झी मराठीवरील ‘सा रे ग म प’ या स्पर्धेतून ते घराघरांत पोहोचले आणि सुगम संगीतात स्थिरावले. दूरचित्रवाणीच्या स्पर्धांनी मराठवाड्यातील मुलांना मुंबईचे दार उघडून दिले, याचे ते ठळक उदाहरण होय. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात (स्थापना १९९४) ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. नांदेडला होणाऱ्या ‘संगीत शंकर दरबार’ महोत्सवामुळे देशातील नामवंत कलावंतांना प्रत्यक्ष ऐकण्याची संधी येथील श्रोत्यांना मिळू लागली.

हलगी, सनई आणि बँड

गावातील मंगल-अमंगल प्रसंगांचे वादन परंपरेने काही ठरावीक समाजांकडे आले. हलगी आणि डफडे वाजविण्याचे काम मुख्यत्वे मातंग समाजाकडे असे. पोळ्याची मिरवणूक, देवीची जत्रा, कुस्तीचा फड, लग्नाची वरात, अंत्ययात्रा या प्रत्येकाचा बाज निराळा. जाणता हलगीवाला डोळे मिटूनही कोणता बाज कोठे लावायचा हे सांगतो. हलगी वाजविण्यापूर्वी ती विस्तवावर शेकावी लागते. कातडे तापले की आवाज चढतो. मोबदला मात्र अनेकदा बलुत्याच्या धान्यात आणि मिळाला तर अपमानासह मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने असे हक्काचे आणि हीनतेचे काम नाकारण्याची प्रेरणा दलित समाजाला दिली. त्यामुळे काहींनी वादन सोडले; काहींनी तेच कसब सन्मानाने आणि ठरलेल्या बिदागीवर करण्यासाठी बँडपथके उभारली.

पितळी बँड ही मूळची युरोपीय लष्करी प्रथा. छावण्या आणि संस्थानिकांचे दरबार यांतून ती भारतीय लग्नांत आली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल, झांज आणि खुळखुळे असा त्याचा सरंजाम असतो. तालुक्याच्या गावांतील बँडपथकांत मातंग, बौद्ध, मुस्लिम अशा अनेक समाजांचे वादक एकत्र असतात. त्यांच्यातील बहुतेकांना स्वरलिपी येत नाही. चित्रपटातील नवे गाणे आले की मास्तर ते ऐकून क्लॅरिनेटवर बसवितो आणि बाकीचे त्याच्याकडून कानाने उचलतात. माघ ते ज्येष्ठ हा लग्नसराईचा काळ आणि गणेशोत्सव हे त्यांच्या कमाईचे दिवस. उरलेल्या वर्षात शेतमजुरी, ऊसतोड किंवा शहरातील बिगारी करावी लागते.

गेल्या दोन दशकांत या व्यवसायावर मोठे संकट आले. एका ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीने, म्हणजे डीजेने, पंधरा-वीस माणसांच्या बँडची जागा घेतली. यजमानाच्या दृष्टीने डीजेचा आवाज मोठा आणि माणसे कमी. बँडमास्तराच्या दृष्टीने मात्र प्रत्येक हरवलेल्या सुपारीमागे पंधरा-वीस घरांची चूल असते. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर बंदी आहे. डीजेवर कारवाई होते तेव्हा पारंपरिक वाद्यांना पुन्हा मागणी येते, हा अलीकडचा अनुभव आहे. तथापि मध्यंतरी पांगलेले वादक पुन्हा जमविणे सोपे नसते. क्लॅरिनेट वाजविणारा एकदा पुण्याच्या बांधकामावर गेला की त्याची फुंक मोडते.

जपानच्या उत्तरेकडील एक उदाहरण

जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतात त्सुगारू नावाचा थंड, गरीब, शेतीप्रधान प्रदेश आहे. तेथील अंध वादक शामिसेन हे तीन तारांचे वाद्य घेऊन दारोदार भिक्षा मागत. समाजात त्यांना प्रतिष्ठा नव्हती. ताकाहाशी चिकुझान (१९१०-१९९८) हे त्यांपैकीच एक. बालपणी गोवराने त्यांची दृष्टी जवळपास गेली आणि तरुणपण भटकंतीत गेले. उतारवयात त्यांचे वादन टोकियोच्या रंगमंचांवर पोहोचले आणि ज्याला भिकाऱ्यांचे वाद्य म्हणत, ते त्सुगारू शामिसेन साऱ्या जपानचे भूषण ठरले. आज त्सुगारूतील हिरोसाकी शहरात या वाद्याच्या स्पर्धा होतात आणि तरुण वादक ते शिकण्यासाठी तेथे जातात. ध्वनिमुद्रण, स्पर्धा आणि वादकाचे नाव घेण्याची सवय या तीन गोष्टींनी तेथे हा बदल घडला. गोंधळी, पोतराज आणि हलगीवाल्यांच्या मुलखासाठी हे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

नोंदीचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना १९५० च्या दशकापासून चालू आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. २०२४ मध्ये मानधनाची रक्कम सर्व श्रेणींसाठी दरमहा ५,००० रुपये करण्यात आली. अर्जासोबत कलाक्षेत्रातील कार्याचे पुरावे जोडावे लागतात. सभागृहात गाणाऱ्याकडे निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे असतात. चाळीस वर्षे जत्रेत संबळ वाजविणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. लग्नपत्रिकेवर आचाऱ्यापासून मामापर्यंत सर्वांची नावे छापली जातात, बँडवाल्याचे छापले जात नाही. त्यामुळे वयाच्या साठीनंतर त्याने आयुष्यभर काय केले, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच येते.

यावर उपाय अवघड नाहीत. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकारांप्रमाणे गायनाचार्य व मृदंगाचार्य यांची नावे छापण्याची पद्धत बहुतेक गावांत आहेच. तीच पद्धत यात्रा समित्या, गणेश मंडळे आणि ग्रामपंचायती हलगी, संबळ व बँड यांच्या वादकांसाठी स्वीकारू शकतात. एका वहीत वादकाचे नाव, वाद्य, गुरू आणि वर्ष एवढे लिहून ठेवले तरी पुढे तो पुरावा ठरतो. हातातील मोबाइलवर एखादा गोंधळ किंवा लेंगी अथपासून इतिपर्यंत ध्वनिमुद्रित करण्यास आता खर्चही येत नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हे काम महाराष्ट्रात झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या स्त्रियांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावेही नोंदली गेली.

नायगावच्या परिसरात लग्नाची वरात निघते तेव्हा पुढे बँड, मध्ये हलगी आणि मागे वऱ्हाड असते. वर-वधूंची नावे गाडीवर फुलांनी लिहिलेली असतात. बँडचे नाव मोठ्या ढोलाच्या कातड्यावर रंगवलेले असते. तो ढोल वाजविणाऱ्याचे नाव मात्र अजून कोठे लिहिलेले नाही. या मुलखाच्या गायक-वादकांची यादी पूर्ण करायची असेल, तर सुरुवात तेथून करावी लागेल.